डोंगरावरचा पिवळा ठिपका

एकदा एका पडदे रंगवणाऱ्या म्हाताऱ्याकडे त्याचा जुना शिष्य आला, पाया पडला आणि ओसरीवर जो आडवा झाला तो दुपार टळेपर्यंत उठला नाही. म्हाताऱ्याने त्याला उठवले नाही. उन्हाची तिरीप शिष्याच्या तोंडावर आली, तेव्हा म्हाताऱ्याने एक जुना पडदा दोरीवरून खाली सोडला. मग त्या झोपलेल्या माणसावर एका रंगवलेल्या अरण्याची सावली पडली आणि वाऱ्याबरोबर हलत राहिली.

म्हाताऱ्याला सगळी पंचक्रोशी पेंटरबाबा म्हणे. त्या भागात धान कापून झाले की गावोगाव नाटके होतात. नाटकात माणसांच्या मागे जो राजवाडा, जे जंगल, जी चांदण्यातली गल्ली दिसते, ती बहुधा याच्याच हातची असे. शिष्य कॉलेजात असताना चार उन्हाळे त्याच्या शेडमध्ये रंग घोटायला होता. पुढे तो शहरात गेला आणि व्हिडिओ गेम बनवू लागला. आता तुम्ही नाक मुरडाल. व्हिडिओ गेम म्हणजे पोराटोरांचे चाळे, असे म्हणाल. म्हणा बापडे. ज्याने एका गोष्टीच्या मागे पाच वर्षे घालवली, त्याला मी तरी हसणार नाही.

त्या गेमचे नाव होते 'नावाडीण'. एक बाई, एक होडी आणि धुक्यातली एक लांबच लांब नदी. खेळणाऱ्याने होडी वल्हवायची, काठावर उभ्या असलेल्या एकेका उतारूला घ्यायचे, वाटेत तो जे बोलेल ते ऐकायचे आणि त्याच्या गावाच्या घाटावर त्याला उतरवायचे. असे अकरा उतारू. मारामारी नाही, गुण नाहीत, हरणे-जिंकणे नाही. आणि या सगळ्याच्या मागे, फार दूर, एक निळा डोंगर.

तो डोंगर म्हणजे नुसते चित्र होते. तिथवर होडी जात नव्हती, जाण्यासाठी तिथे काही नव्हतेच. पण दोन वर्षांपूर्वी लोकांना दाखवायला शिष्याने एक मिनिटाचा ट्रेलर केला, आणि शेवटच्या दृश्यात त्याला डोंगर मोकळा मोकळा वाटला. म्हणून त्याने शिखराजवळ एक पिवळा ठिपका दिला. कुणाच्या घरी दिवा लागावा तसा. एवढेच. चहा थंड व्हायच्या आत झालेले काम.

लोकांनी नदी पाहिली, होडी पाहिली आणि विचारले, त्या डोंगरावर कोण राहते? शिष्य सुखावला. त्याने उत्तरात एक हसरा चेहरा टाकला. पुन्हा कुणी विचारले, तिथे जाता येणार का? पुन्हा हसरा चेहरा. बाबांनो, या हसऱ्या चेहऱ्याइतका कावेबाज प्राणी मी दुसरा पाहिला नाही. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आणि समोरच्याला जे हवे ते ऐकू येते.

बघता बघता त्या ठिपक्याभोवती एक मुलूखच वसला. कुणी म्हणाले, तिथे नावाडिणीचा हरवलेला मुलगा आहे. कुणी म्हणाले, तिथे पोहोचले की नदी उलटी वाहू लागते. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मंजिरी गवारे नावाच्या बाईने 'डोंगरापलीकडे' नावाचा ग्रुप काढला. दुकान बंद करून घरी गेली की ती लोकांच्या कल्पना वहीत उतरवी, नकाशे काढी, त्या न रंगवलेल्या गावांना नावे देई. हजारो लोक तिच्या वहीची वाट पाहत. आणि कुणी शंका काढलीच, की बाई लिही, 'हा माणूस दोन वर्षांत एकदाही खोटं बोललेला नाही. थोडा धीर धरा.'

या एका वाक्यापायी शिष्याची झोप उडाली होती. कारण तो खोटे बोलला नव्हता हे खरेच होते. तो काही बोललाच नव्हता.

संध्याकाळी उठल्यावर त्याने म्हाताऱ्याला सगळे सांगितले. गेम यायला अठरा दिवस उरले होते. गेममधले त्याचे भागीदार म्हणत होते, गप्प बस, एवढी हवा झाली आहे, ती फुकट घालवायची नाही.

"बाबा, त्या मंजिरीताईंना मी तोंडघशी पाडणार आहे," शिष्य म्हणाला. "आख्ख्या जगाशी भांडतात त्या माझ्यासाठी. पहिल्याच दिवशी लोक त्यांना हसतील. मी तोंड कसं दाखवू?"

"मग माझ्याकडे काऊन आलास?"

"तुम्ही माझ्याबरोबर बसा. अठरा दिवसांत डोंगरामागचा मुलूख रंगवून काढू. थोडासा. दोन गावं, एक वाट. तुमचा हात अजून चालतो."

म्हाताऱ्याने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तो म्हणाला, "उद्या पहाटे नदीपलीकडच्या गावात पडदा टांगायचा आहे. चल माझ्यासोबत. चार उन्हाळे रंगवायला आलास, पण रंगवलेलं जातं कुठं ते कधी पाहायला आला नाहीस."

पडदे उतरवायला दोघे शेडमध्ये गेले. तुम्ही अशा शेडमध्ये कधी गेला नसाल तर सांगतो. आढ्यापासून जमिनीपर्यंत एकामागे एक पडदे लोंबत असतात. पहिला बाजूला सारला की समुद्र, समुद्र सारला की तुरुंग, तुरुंगामागे मोगऱ्याची बाग, बागेमागे तळे, आणि तळ्यात चंद्र. शिष्य त्यांच्यामधून चालत राहिला. कापड गालाला लागत होते, खळीचा आणि चुन्याचा वास येत होता, आणि त्याला वाटले, आपण असेच चालत राहिलो तर कुठल्यातरी पडद्यामागे तो डोंगर लागेल आणि खरेच कुणीतरी दार उघडेल. "राजवाडा काढ," म्हाताऱ्याचा आवाज तळ्यापलीकडून आला. शिष्य भानावर आला.

सकाळी गावात पोहोचले. शेतात मंडप होता, लाकडी रंगमंच होता, आणि नदीवरून आलेले धुके अजून बसायच्या जागेवर रेंगाळत होते. राजवाडा टांगला गेला. काय सांगू! संगमरवरी जिना, झुंबरे, लाल गालिचा, आणि मधोमध अर्धवट उघडे दार, ज्यातून कोवळे ऊन आत येते आहे. शिष्य खालून बघत राहिला. पाठ असलेले चित्र, तरी त्याला वाटले, जाऊन त्या उन्हात उभे राहावे.

तेवढ्यात म्हाताऱ्याने रंगमंचाच्या कडेला उभे राहून हाळी दिली. "या रे, या! सगळे वर या! हात लावून पाहा!"

शिष्याला वाटले, म्हातारा चळला. पण गावकरी आले. बाया आल्या, आजोबा आले, शाळेला निघालेली मुले दप्तरासकट आली. म्हातारा एकेकाचा हात धरून राजवाड्यावर टेकवत होता.

"अगं माय, हे तं कापड हाये!" एक बाई म्हणाली. तिच्या कडेवर लेकरू होते.

"कापडच आहे. आणि इथं पाहा, ठिगळ आहे. मागच्या साली उंदरानं खाल्लं. आणि या दाराला हात लाव. लाव, लाव."

"उघडत नाही?"

"नाही उघडत. मागं ये, दाखवतो." आणि त्याने त्या बाईला पडद्याच्या मागे नेले. तिथे मांजरपाटाच्या शिवणी होत्या, बांबू होता आणि त्याला टेकवलेली एक सायकल होती.

एक म्हातारेबुवा खट्टू झाले. "मले वाटलं होतं, मागं काहीतरी असंन," असे पुटपुटत काठी टेकत निघून गेले. शिष्याने म्हाताऱ्याचा हात धरला.

"बाबा, काय करताय हे? एवढं खपून रंगवलंत, आणि नाटकाआधीच सगळी मजा घालवलीत! आता यांना राजवाडा दिसेल तरी का?"

"दिवस मावळला की बघ," एवढेच म्हाताऱ्याने म्हटले, आणि तो मंडपाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसला.

दिवस मावळला. मंडप भरला. सकाळी खट्टू होऊन गेलेले म्हातारेबुवा पुढच्या रांगेत येऊन बसले होते. दिवे लागले, पेटी वाजली, आणि सकाळचे ते ठिगळ लावलेले कापड हळूहळू मागे सरकत गेले. खोल झाले. जिना खरा झाला. दारातून ऊन आले. राणी आली, तिचा लेक लढाईला निघाला. ती त्याच्या फेट्याला हात लावते, मागे घेते, पुन्हा लावते, आणि तोंडाने मात्र म्हणते, "जा, उशीर होईल." एवढाच प्रसंग. कडेवर लेकरू असलेली ती बाई, जिने सकाळी त्या दाराची शिवण पाहिली होती, तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडत होती. म्हातारेबुवा चष्मा पुसत होते. दाराकडे कुणाचेही लक्ष नव्हते. शिष्य मात्र राणीकडे कमी आणि माणसांच्या तोंडाकडे जास्त बघत होता.

दुसऱ्या दिवशी परतताना होडीत बसल्यावर म्हाताऱ्याने आपणहून विषय काढला.

"हा राजवाडा मी पहिल्यांदा रंगवला तेव्हा तुझ्याएवढाच होतो," तो म्हणाला. "दार असं जमलं होतं, की नाटक कंपनीच्या मालकानं जीपवर भोंगा लावून गावोगाव पुकारायला लावलं, राजवाड्याचं दार खरंच उघडतं, एकदा येऊन पाहा! मी ऐकलं. माझी छाती फुगली. मी नाही म्हणालो नाही. का म्हणू? माझ्याच हाताचं कौतुक होतं ना ते.

"त्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. राणीचं काम गयाबाई करायची. तिचा स्वतःचा लेक त्याच साली गेला होता. त्या दिवशी तिनं जो टाहो फोडला ना, तसा मी पुन्हा जन्मात ऐकला नाही. अंगावर काटा आला माझ्या. आणि प्रेक्षक? माना वाकड्या करून दाराकडे. आता उघडेल, मग उघडेल. मधूनच एक जण ओरडला, 'बाई, बाजूला सर, दार दिसत नाही!'"

वल्ह्याचा आवाज येत राहिला.

"ती बाजूला सरली, बाबा. रडता रडता खरंच सरली. पुढं दोन हंगाम कंपनीत होती, पण तसं काम तिनं पुन्हा केलं नाही. त्यानंतर आजवर मी लोकांना हात लावू दिल्याशिवाय पडदा उघडला नाही.

"तू घाबरतोस, लोक शिव्या देतील म्हणून. शिव्यांचं काय, चार दिवस अंगाला लागतात आणि धुऊन जातात. मला भीती वेगळीच आहे. पाच वर्षं तू ज्या बाईला घडवलंस, ती धुक्यात होडी वल्हवत असेल, आणि लोक तिला म्हणतील, बाजूला सर, डोंगर दिसत नाही."

शिष्य खाली मान घालून पाण्यात बोटे बुडवत होता. "मग डोंगरामागचं रंगवायचं नाही?"

"कशाला? दोन गावं काढशील, तर विचारतील, त्या गावांमागं काय? आणि त्या ठिपक्यात ज्यानं त्यानं आपापलं माणूस नेऊन बसवलंय. तुझ्याकडे कितीही रंग असले तरी ते माणूस तुला काढता यायचं नाही. ठिपका पुसू नकोस, तो मीच शिकवलाय तुला. दूरच्या अंधाराला एक पिवळा ठिपका लागतोच. पण कुणी विचारलं, की सांगून टाकायचं, हा ठिपका आहे. कापड आहे हे ज्याला ठाऊक असतं, तोच निवांत बसून राणीकडे बघतो."

त्याच दुपारी शिष्याने ओसरीवर बसून एक छोटी फिल्म केली. संगीत नाही, सजावट नाही. त्याने होडी नदीच्या हद्दीबाहेर काढली, थेट डोंगरापाशी नेली, आणि सगळ्यांच्या देखत त्या डोंगराला वळसा घातला. बाजूने डोंगर पत्र्यासारखा पातळ दिसला आणि मग दिसेनासाच झाला. मागे राखाडी पोकळी होती. या चित्रांवर शिष्याचा आवाज होता. तो म्हणाला, "इथे कुणी राहत नाही. हे चित्र आहे आणि हा दिवा म्हणजे रंगाचा एक ठिपका आहे. तुम्ही दोन वर्षं विचारत होतात आणि मी हसरा चेहरा टाकत होतो, कारण तुम्ही विचारताय हे मला आवडत होतं. ही माझी चूक आहे. मंजिरी गवारे यांची यात काडीचीही चूक नाही. त्यांनी माझ्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला. गेममध्ये एक नदी आहे, एक बाई आहे आणि अकरा माणसं आहेत. तेवढंच आहे. ज्यांना डोंगरासाठी घ्यायचा होता, त्यांनी घेऊ नये."

ती फिल्म लोकांपुढे टाकण्याआधी त्याने मंजिरीबाईंना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "दोन वर्षं," एवढेच त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मग जे व्हायचे ते झाले. भागीदारांनी त्याला फाडून खाल्ले. लोकांनी चेष्टा केली, शिव्या घातल्या, पातळ डोंगराची चित्रे करून गावभर फिरवली. कितीतरी जणांनी आधी नोंदवलेला गेम रद्द केला. 'डोंगरापलीकडे' ग्रुपला कुलूप लागले, आणि शिष्याला सगळ्यात जास्त लागले ते हेच. मात्र बाईंना कुणी हसले नाही, कारण हसे व्हायचे ते ज्याचे व्हायला हवे त्याचेच झाले होते. उरलेले दिवस गेले. गेम आला. त्याचे ढोल वाजले नाहीत. थोड्या लोकांनी घेतला, त्यांनी आणखी थोड्यांना सांगितले, एवढेच.

गेम येऊन महिना झाला असेल. शिष्य पुन्हा म्हाताऱ्याकडे आला. या वेळी आडवा झाला नाही. म्हातारा जमिनीवर पसरलेल्या कापडावर नदी रंगवत होता. शिष्य तिच्या काठाशी मांडी घालून बसला, फोन काढला आणि म्हणाला, "मंजिरीताईंचं पत्र आलंय. वाचतो."

"मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे," बाईंनी लिहिले होते. "तुमच्यासाठी मी दोन वर्षं लोकांशी भांडले. ते विसरणार नाही. तुमचा गेम घ्यायचा नाही असंच ठरवलं होतं. भावाने घेतला, त्याच्याकडे बसून खेळले. डोंगर कसा फसवा दिसतो ते बघायला म्हणून बसले होते, खरं सांगते. तो नववा उतारू तुम्हाला कुठे भेटला? ज्याला आपल्या गावाचं नाव आठवत नाही, आणि जो दर थोड्या वेळाने विचारतो, 'आलं का?' माझे वडील शेवटचं वर्षभर असंच विचारायचे. आपल्याच घरात बसून विचारायचे, घर आलं का. दिवसभर दुकानात उभी राहून आलेली असायचे, मी खेकसायचे त्यांच्यावर. काल त्या म्हाताऱ्याचा घाट मला समोर दिसत होता. मी होडी लावली नाही. मधल्या पाण्यातच फिरवत राहिले, धुक्यात. दोन तास. तो विचारत राहिला, आलं का. आणि मी दर वेळी म्हणत राहिले, अजून नाही आलं, बाबा. बसा निवांत."

शेवटची ओळ वाचून शिष्याने फोन खाली ठेवला. म्हाताऱ्याच्या हातातला कुंचला तसाच राहिला, आणि निळा रंग थेंबथेंब कापडावर पडत राहिला.

"अजून चिडलेली आहे?" म्हाताऱ्याने विचारले.

"हो."

"चिडू दे. तिचा हक्क आहे तो," म्हातारा म्हणाला. "पण तिनं बघितलं रे. बघितलं तिनं."